रंग परत घेणारी ओळ

शारजा,
६ मार्च २०२५

प्रिय प्रसन्नदादा,

लाल आला!

रोजे सुरू झाल्यामुळे सोमवारपासून ऑफिस दोन तास लवकर सुटतंय. जबल अलीहून शारजापर्यंतचा जाम मात्र तोच. तरी घरी पोचले तेव्हा ऊन होतं. चहा ठेवला आणि तुझा प्रोग्रॅमिंगचा पहिला पाठ कॉम्प्युटरवर उघडून बसले. तू लिहिलंस तसं केलं: काळ्या खिडकीत आधी रंगाचा आकडा, मग मजकूर. एकतीस म्हणजे लाल. आठ ओळी छापल्या, सात साध्या आणि शेवटची लाल. आठवी ओळ लाल झाली तेव्हा मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की केया तिच्या खोलीतून आली. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "आई, दॅट इज सो बेसिक." म्हटलं, असू दे. पंचेचाळिसाव्या वर्षी मला बेसिकच हवंय.

एक गंमत सांगते. त्यानंतर मी जे जे टाइप केलं ते सगळं लालच दिसत राहिलं. म्हटलं, असंच असतं वाटतं. छान दिसत होतं, म्हणून तसंच राहू दिलं.

हे कशासाठी शिकतेस, असं तू विचारलं होतंस. ऑफिसात पाहुणे येतात तिथे एक स्क्रीन रिकामा पडलाय. त्यावर त्यांची नावं रंगीत दाखवावीत, एवढंच.

तू मोठ्या मेल लिहितोस हे मला फार आवडतं. इकडे सगळे फोनवर बोटभर काहीतरी पाठवतात.

तुझी,
रंजू

*

चिपळूण,
१० मार्च २०२५

प्रिय रंजू,

तुझी मेल मी वर्गात वाचून दाखवली. नाव सांगितलं नाही. दुबईकडची एक पंचेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी ओळ लाल झाली म्हणून ओरडते आणि तुम्हाला जांभया येतात, असं सुनावलं. पोरं हसली. आयटीआयची पोरं कशालाही हसतात.

"त्यानंतरचं सगळं लालच दिसत राहिलं, छान दिसत होतं" हे वाचून मलाही हसू आलं. का, ते आत्ता सांगणार नाही.

दुसरा पाठ जोडतोय, पण लगेच उघडू नकोस. पहिल्या पाठाशी खेळत राहा. काहीतरी खटकेल. खटकलं की मगच दुसरा उघड.

आज एकच नवी गोष्ट. ओळीच्या सुरुवातीला दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची ती जाळी काढलीस, की पुढचं मशीन वाचत नाही. ते माणसांसाठी असतं. आपण काय केलं आणि का केलं, ते तिथे लिहून ठेवायचं. तू तर रोजनिशी लिहिणारी, तुला हे शिकवावं लागणार नाही.

पाहुण्यांची नावं छान दिसू देत.

दादा

*

चिपळूण,
१४ मे २०२५

प्रिय रंजू,

दोन महिने तुझं काही नाही. दुसरा पाठ उघडलास का? काही खटकलं का? का पाहुणेच यायचे बंद झाले?

दादा

*

शारजा,
२४ जुलै २०२५

प्रसन्नदादा,

पाहुण्यांची नावं नव्हती. मी तुला खोटं सांगितलं होतं. आधी माझं खोटं सांगते, मग तुझं.

आमच्या गोदामात आठ डॉक आहेत. डॉक म्हणजे जिथे कंटेनर येऊन टेकतो तो दरवाजा. माणसं कंटेनरच्या आत शिरून खोकी बाहेर काढतात. उन्हाळ्यात कंटेनरचं आतलं काय होतं, ते तुला चिपळूणला बसून कळणार नाही. दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा इथे कायदा आहे. पण कंटेनर छपराखाली लागतो आणि बाकीचा दिवसही तापतोच. म्हणून प्रत्येक डॉकवर तापमापक बसवलेत. त्यांचे आकडे माझ्या कॉम्प्युटरवर येतात, कारण सेफ्टीचं काम तीन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. आकडे येत होते आणि माझ्या फायलीत पडून राहत होते. मला वाटलं, ते माणसांना दिसायला हवेत.

तुझ्या पहिल्या पाठावरून मी ते केलं. भिंतीवर मोठा स्क्रीन, आठ डॉक, आठ ओळी. बेचाळीसच्या वर गेला तो डॉक लाल. लाल दिसला की त्या डॉकच्या माणसांनी बाहेर यायचं आणि वीस मिनिटं एसीच्या खोलीत बसायचं. आकडा वाचायला स्क्रीनखाली जावं लागतं, पण कंटेनरच्या तोंडातून रंग दिसतो. म्हणून रंग. एक जूनला मी सगळ्यांना समोर बसवून आधी हिंदीत आणि मग मराठीत शिकवलं: लाल म्हणजे बाहेर. तीन वेळा म्हणवून घेतलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास की थांब, अजून शिक. आणि मला कुणी थांबवायला नको होतं.

१७ जुलैला डॉक सातच्या कंटेनरमध्ये केरू कोसळला. चौतीस वर्षांचा, गुहागर तालुक्यातला. त्याच्या मूत्रपिंडांना मार बसलाय. आज आठवा दिवस, अजून हॉस्पिटलमध्येच आहे. शुद्धीवर आलाय. डॉक्टर म्हणतात जगेल.

डॉक सात लाल होता. पण त्या वेळी आठही डॉक लाल होते. डॉक दोनशेजारी कॉम्प्रेसर आहे, तो डॉक रोज सकाळी दहालाच तापतो. एकदा तो लाल झाला की मिनिटभरात अख्खा स्क्रीन लाल, आणि संध्याकाळी मी कॉम्प्युटर बंद करेपर्यंत लाल. आठही डॉक रोज रिकामे कसे करणार? सुपरवायझर हनीफनं माणसांना सांगून टाकलं होतं, "वो मॅडम का टीवी है, सुबह से गुस्से में रहता है. तुम काम करो."

केरूला अँब्युलन्समध्ये घातल्यावर मी टेबलाशी आले आणि तुझा दुसरा पाठ पहिल्यांदा उघडला. त्यातली पहिली ओळ तुला पाठ असेल. मला आता पाठ झालीय. "एकदा लाल लावला की तो आपोआप जात नाही, शून्य टाकून परत घ्यावा लागतो. पहिल्या पाठात हे मी मुद्दाम गाळलं होतं. सापडलं का?"

सापडलं, दादा. डॉक सातमध्ये सापडलं.

मी मार्चमध्ये तुला लिहिलं होतं की त्यानंतरचं सगळं लालच दिसतं. तू ते वाचलंस. तुला हसू आलं.

रंजिता

*

चिपळूण,
२७ जुलै २०२५

रंजू,

तुझी मेल तीन वेळा वाचली. केरूबद्दल वाचून जीव गलबलला. तो बरा होऊ दे.

पण तू हे सगळं ज्या सुरात माझ्यावर टाकलं आहेस, ते मी घेणार नाही. सतरा वर्षं मी असाच शिकवतोय. प्रत्येक पाठात एक जागा मुद्दाम अपुरी ठेवतो. पोरगं तिथे अडखळतं, डोकं लावतं आणि स्वतः शोधतं. मग ते जन्मभर विसरत नाही. हाताला धरून शिकवलेलं परीक्षेपर्यंत टिकतं. माझी पोरं आज पुण्या-मुंबईत कामं करतात ती याच पद्धतीनं शिकून. त्यांच्यातल्या एकानंही पहिला पाठ उचलून भिंतीवर लावला नाही.

तू मला पाहुण्यांची नावं सांगितलीस. पाहुण्याचं नाव लाल दिसलं तर काय बिघडतं? माणसांचा जीव त्यावर ठरणार आहे, असं एका ओळीत लिहिलं असतंस, तर मी त्याच दिवशी फोन केला असता. दुसरा पाठ तुझ्याकडे चार महिने होता. मी मे महिन्यात विचारलंही होतं. तुला उत्तर द्यायला वेळ नव्हता, अभिमान वाटून घ्यायला होता.

हे कठोर झालं. पण तू कठोर सुरुवात केलीस.

दादा

*

शारजा,
३० जुलै २०२५

प्रसन्नदादा,

तुझं प्रत्येक वाक्य बरोबर आहे आणि तरीही मला तुझा संताप येतोय. बरोबर असलेल्या माणसाचा एवढा संताप मला याआधी कधी आला नव्हता.

पद्धत म्हणतोस तू. समोर बसलेल्या पोरासाठी ती पद्धत असेल, कारण ते अडखळलं की तू तिथे असतोस. मी समोर नव्हते. मी अडखळले आणि तुला तसं लिहिलंही, आणि तू "का ते आत्ता सांगणार नाही" म्हणालास. तू तुझ्या मजेसाठी गप्प बसलास. मी माझ्या अभिमानासाठी गप्प बसले. आपल्या दोघांच्या मध्ये एक माणूस कंटेनरमध्ये होता, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

भांडण नंतर करू. आधी हे वाच.

कंपनीनं अहवाल तयार केलाय. त्यात लिहिलंय: इशाऱ्याचा स्क्रीन चालू होता, लाल रंग दिसत होता, कामगारानं इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं. सेफ्टी इन-चार्ज म्हणून खाली माझी सही हवीय. मी सही केली की केरूचं काँट्रॅक्ट खलास. बरा झाला की त्याला विमानात बसवणार, कागदावर "सूचना पाळत नाही" असा शेरा मारून. असा शेरा घेऊन आखातात पुन्हा काम मिळत नाही.

आमचे मॅनेजर विघ्नेश सर ठाण्याचे आहेत, माझ्याशी मराठीतच बोलतात. परवा म्हणाले, "रंजिता, यात खोटं एक अक्षर तरी आहे का? स्क्रीन चालू होता? होता. लाल होता? होता. मग?"

खोटं एकही अक्षर नाही. माझ्या हातून झालेल्या चुकीनं एवढा नीट खरा दिसणारा कागद तयार होईल, असं मला वाटलं नव्हतं. पेन आपटून बाहेर आले.

काल हॉस्पिटलमध्ये गेले. केरू उठून बसायला लागला, मी आले म्हणून. ओठ फुटलेत. म्हणाला, "मॅडम, लाल तर रोजच असायचा. त्यातला खरा लाल कुठला, ता आमाला कसा कळनार?" तक्रार म्हणून नाही, विचारत होता. मोसंबी सोलत बसले. मग कळलं, मूत्रपिंडांमुळे त्याला मोसंबी चालत नाही. ती मीच खाल्ली, त्याच्यासमोर. असली बाई मी.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, तुझ्या सहीचं पत्र: पहिला पाठ तू दिलास, शून्य मुद्दाम गाळलंस, आणि त्या शून्याशिवाय अख्खा स्क्रीन लाल होतो. मी एकटीनं सांगितलं तर म्हणतील, आपली चूक झाकायला बाई काहीतरी तांत्रिक बोलते. दोन, केरूच्या घरी जाऊन ये. गुहागर तुला लांब नाही. त्याची बायको प्रभावती फोनवर नुसती रडते. मला तिच्याशी बोलायचं धैर्य नाही, हेही लिहून टाकते.

रंजिता

*

चिपळूण,
८ ऑगस्ट २०२५

प्रिय रंजू,

पत्र लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. प्राचार्यांना कळलं तर काय म्हणतील, पालक काय म्हणतील. सतरा वर्षं ज्याला मी पद्धत म्हणतो, तिच्याखाली सही करून तिला गुन्हा म्हणायचं, हे मला जमणार नव्हतं. मनात तुला लांबलचक उत्तरही तयार होतं.

मग रविवारी केरूच्या घरी गेलो.

प्रभावतीबाई अंगणात सुपारी सोलत होत्या. पाणी दिलं. मी म्हटलं, शारजाला माझी मावसबहीण आहे, तिनं चौकशीला पाठवलंय. त्यांनी विचारलं, "तुमी कंपनीतले काय?" म्हटलं, नाही. "मग सरकारातले?" नाही. "मग कोन?"

रंजू, मला सांगता आलं नाही. शिक्षक आहे, एवढंच म्हणालो. त्यांना वाटलं, मुलीच्या शाळेतला कुणीतरी. त्यांनी तिची प्रगतीपुस्तकं काढून दाखवली. ती मी एक एक पान बघत बसलो.

त्यांना कंपनीतून कुणाचा तरी फोन आला होता, तुमचा नवरा सूचना ऐकत नाही म्हणून. त्याचा त्यांना एवढा राग होता की दुखण्याचं बोलणं मागेच पडलं. म्हणाल्या, "ह्ये ऐकत न्हाईत असा कोन बोलला? एसटीत लिवलेला असतो ना, दारात हुबा रवू नये? गाडीत कुत्रा नसला तरी ह्ये दारात हुबे ऱ्हायचे न्हाईत. त्यांना बाहेर या असा कोनी सांगितला असता ना गुरुजी, तर ह्ये हातातला खोका टाकून आले असते."

मला गुरुजी म्हणाल्या. मी चहा पिऊन निघालो. स्टँडवर पोचेपर्यंत माझी पद्धत माझ्या डोक्यात चार वेळा बरोबर ठरली आणि चार वेळा कोसळली.

पत्र जोडलंय. इंग्रजीत, सहीनिशी, संस्थेचं नाव आणि माझा हुद्दा घालून. काही गाळलेलं नाही. "मुद्दाम" हा शब्दही ठेवलाय. प्राचार्यांना मी स्वतःच सांगितलं. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

आता एक विचारतो, रागावलीस तरी चालेल. स्क्रीन एक जूनपासून रोज दहा वाजता लाल होत होता. तू रोज त्याखालून जात होतीस. सतरा जुलैपर्यंत तुला काहीच खटकलं नाही?

दादा

*

शारजा,
१० ऑगस्ट २०२५

दादा,

खटकलं होतं.

तू विचारशील हे मला माहीत होतं आणि तू विचारू नयेस असंही वाटत होतं. रोजनिशी काढून बसलेय. १९ जून, गुरुवार. माझ्याच अक्षरात आहे, जसंच्या तसं उतरवते:

"स्क्रीन आजही पूर्ण लाल. डॉक पाच नुकताच उघडला, तिथे छत्तीस आहे, तरी लाल. माझ्या लिहिण्यात काहीतरी चुकलंय. वि. सरांना सांगितलं, दोन दिवस बंद ठेवू, मी दुरुस्त करते. ते म्हणाले, 'लीव्ह इट. पुढच्या आठवड्यात ऑडिटवाले येतायत. लाल दिसला तर म्हणतील कंपनी कडक आहे. ऑडिट झालं की बघू, इन्शाल्ला.' मी बरं म्हटलं. घरी येताना वाटलं, बरं म्हणायला नको होतं. केयाची फी, घराच्या लीजचं नूतनीकरण. उद्या पुन्हा सांगेन."

२० जूनच्या पानावर स्क्रीनचा उल्लेख नाही. २१ च्या नाही. त्यानंतर कुठेच नाही. ऑडिट २६ ला झालं आणि त्यांनी स्क्रीनचं कौतुक केलं. ते मात्र मी लिहून ठेवलंय, चांगलं अर्धं पान.

म्हणजे चूक तुझ्या पाठात होती, ती शोधायची संधी माझ्याकडे होती, आणि सापडल्यावर मी ती झाकू दिली. गेले तीन आठवडे मी तुझ्यावर ओरडतेय ते खरं आहे, पण मला या पानापर्यंत यायचं नव्हतं, म्हणूनही ओरडतेय.

तुझं पत्र मिळालं. आभार मानत नाही. ते तू द्यायलाच हवं होतंस. पण दिलंस.

अहवालावरची मीटिंग १९ तारखेला आहे. हे पान मी घेऊन जाणार आहे. सिद्धार्थ, तुझा मेहुणा, म्हणतो, पान नेऊ नकोस, नुसतं दादाचं पत्र दाखव, नोकरी जाईल. तो घाबरलाय आणि त्याचं घाबरणं बरोबर आहे. त्याच्यावरही ओरडले. घरात सध्या माझ्याशी कुणी फार बोलत नाही.

रंजिता

*

शारजा,
२२ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

झालं ते क्रमानं सांगते.

मीटिंगला चौघं होतो. एचआरची झारा, विघ्नेश सर, हनीफ आणि मी. झारानं तुझं पत्र वाचलं, खांदे उडवले. "दिस इज व्हेरी टेक्निकल, रंजिता. कलर इज कलर. लाल था ना? उसने देखा ना?"

विघ्नेश सर हसून म्हणाले, "मॅडमचा भाऊ इंडियातून येऊन आपली सेफ्टी बघणार आता."

दादा, माझ्या डोक्यात असं काही गेलं की मी उभीच राहिले. एवढे दिवस मी रागावले तर होते, पण कुणावर ते धड ठरत नव्हतं. तुझ्यावर, माझ्यावर, कॉम्प्रेसरवर. त्या हसण्यानं ठरलं.

म्हटलं, दोन मिनिटं द्या. लॅपटॉप मीटिंगच्या खोलीतल्या मोठ्या स्क्रीनला जोडला. म्हटलं, तुम्हाला केरूच्या नावापुढे लाल शेरा हवाय ना? घ्या, लिहिते. तुझ्या पहिल्या पाठातल्यासारखंच, शून्याशिवाय. केरूचं नाव लिहिलं, एकतीस लावलं. नाव लाल आलं.

"हां," झारा म्हणाली, "तो?"

म्हटलं, आता बाकीच्यांची. यांना मी कुठलाच रंग देत नाही, साधी लिहिते. हनीफ लिहिलं. लाल आलं. विघ्नेश लिहिलं. लाल. माझं नाव लिहिलं. लाल.

मग झाराचं.

ती खुर्चीत पुढे सरकली. "माय नेम क्यूँ रेड है? मैंने क्या किया?"

"तुम्ही काहीच केलं नाही. मी रंग दिलेलाच नाही. पण वर केरूला एकदा लाल दिलं आणि ते कुणी परत घेतलं नाही. आता या खोलीत जो येईल तो लाल. मला सांगा, यातला गुन्हेगार कोण? नुसतं बघून सांगा. केरूनं सांगायला हवं होतं ना?"

हनीफ खाली बघत म्हणाला, "मॅडम, मैंने ही बोला था लडकों को. काम करो, ये रोज का है. क्या करता? आठों बंद करता तो सर मुझे बंद करते."

विघ्नेश सर म्हणाले, "हनीफ, तुला कुणी विचारलं का?"

तेव्हा मी रोजनिशी टेबलावर ठेवली आणि ते पान उघडलं. मराठीतच वाचलं, सरांना कळेल असं. मग झारासाठी हिंदीत. "बरं म्हटलं" तेही वाचलं, फीचं वाचलं, २६ जूनचं अर्ध्या पानाचं कौतुकही वाचलं. आवाज फार चढला होता. बाहेरच्या टेबलांवरची माणसं काचेतून बघत होती. सर म्हणत होते, "रंजिता, कूल डाऊन." मी कूल डाऊन झाले नाही. म्हटलं, "सर, अहवालात खोटं एक अक्षर नाही, असं तुम्ही मला विचारलं होतं. हे घ्या उरलेलं खरं."

झारानं अहवालातलं दुर्लक्षाचं वाक्य खोडलं आणि बाजूला सही केली. स्वतःचं नाव तसं लाल बघितलं नसतं, तर तिनं ते केलं असतं का, कुणास ठाऊक. मला आता माणसांच्या चांगुलपणाबद्दल ठाम काही सांगता येत नाही.

केरूला तीन महिन्यांची पगारी रजा मिळाली. परत आल्यावर हलकं काम देणार, असं लेखी घेतलंय. तो रविवारी निघतो. प्रभावतीबाईंना मीच फोन केला. त्या म्हणाल्या, "मंजे ऐकत न्हाईत असा लिवलेला न्हाय ना आता?" म्हटलं, नाही. "बस मग."

मला लेखी ताकीद मिळाली आणि सेफ्टीचं काम काढून घेतलं. काँट्रॅक्ट डिसेंबरला संपतं, पुढचं कुणी काही बोलत नाही. विघ्नेश सरांना काहीही झालं नाही. ते काल मला लिफ्टमध्ये "गुड मॉर्निंग" म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. हा राग जाणार नाही, दादा, आणि मला तो जायला नको आहे. तुझ्यावरचा अर्धा गेलाय. उरलेला जाईल की नाही ते सांगता येत नाही. पुढच्या बॅचला पहिल्याच पाठात शून्य शिकव. दुसरं काहीतरी गाळ, ज्यानं कुणी मरत नाही.

स्क्रीन अपघातापासून चौकशीसाठी बंद होता, आता मात्र पुन्हा चालू आहे. बाहेरची कंपनी नवीन यंत्रणा लावेपर्यंत माझंच लिहिलेलं चालणार, आयटीतला एक जण बघणार. परवा मी त्याला फाइल दिली. देण्याआधी शून्य टाकलं. मग स्क्रीनखाली जाऊन उभी राहिले. दहा वाजता डॉक दोन लाल झाला. बाकी सात पांढरे राहिले. सव्वाअकराला डॉक सात लाल झाला, फक्त डॉक सात. हनीफनं शिट्टी वाजवली, "सात नंबर, यल्ला, बाहर!" दोन माणसं हातातली खोकी तिथेच ठेवून बाहेर आली.

तू शिकवलेली ती जाळीची खूण आठवते ना? मशीन वाचत नाही, माणसांसाठी असते ती. शून्याच्या वरच मी ती काढली आणि पुढे इंग्रजी, हिंदी आणि मराठीत लिहून ठेवलं. उद्या कुणी ती फाइल उघडून ही ओळ कशाला आहे, काढून टाकू का, असा विचार करेल, त्याच्यासाठी:

# खालची ओळ १७ जुलै २०२५ रोजी इथे नव्हती. त्या दिवशी डॉक सातच्या कंटेनरमध्ये केरू होता. ती ओळ नाही, हे प्रसन्नला माहीत होतं, काहीतरी चुकतंय हे रंजिताच्या लक्षात आलं होतं आणि विघ्नेश यांना सांगितलं होतं. ही ओळ काढू नये.

रंजिता